तान्ह्या बाळाचं तेल, लोशन, वाइप्स : रसायनं कमी करायची तर सुरुवात कुठून?

अबोली :
बाळ तीन महिन्यांचं आहे. रोजच्या वापरात साबण, शाम्पू, मसाजचं तेल, लोशन, पावडर, वेट वाइप्स, रॅश क्रीम असं सगळं आहे. कपडे सुगंधी लिक्विडने धुऊन वर फॅब्रिक सॉफ्टनर. प्रत्येक बाटलीवर 'माइल्ड', 'नॅचरल', 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' असं काही ना काही छापलेलं असतं, पण मागची बारीक अक्षरांतली यादी वाचली की धडकी भरते. सगळं एकदम बदलणं जमणार नाही. आधी काय बंद करू? यादीत नेमकी कोणती नावं बघायची? आणि घरी केलेलं लोशन किंवा वाइप्स जास्त सुरक्षित असतात का?

निंबोणी :
ब्रँड बदलण्याआधी वस्तूंची संख्या कमी करा, खरा फरक त्यानेच पडतो. २००८ साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात १६३ बाळांच्या लघवीच्या तपासणीचा अभ्यास आला होता. लोशन, पावडर, शाम्पू वापरलेल्या बाळांच्या लघवीत थॅलेटचे (संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकणाऱ्या रसायनांचे) अंश जास्त होते. जितकी उत्पादनं जास्त तितकं प्रमाण वाढत गेलेलं, आणि हा संबंध लहान बाळांमध्ये अधिक ठळक होता. काही थॅलेट सुगंध टिकवण्यासाठी वापरतात. शरीर ती साठवून ठेवत नाही, बरीचशी एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातात, त्यामुळे वापर थांबवल्याचा उपयोग लगेच होतो. शिवाय वजनाच्या मानाने बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे तेच लोशन अंगभर लावलं तरी किलोमागे जाणारी मात्रा बाळात जास्त.

पावडर आजच बंद करा. टाल्कचे बारीक कण श्वासातून फुप्फुसात जातात, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या २-ए गटात टाकलं. टाल्कऐवजी स्टार्चची पावडर घेतली तरी धूळ उडायची ती उडतेच. मान, काखा, जांघा यांच्या घड्या मऊ सुती कापडाने टिपून कोरड्या केल्या की पावडरीचं काम राहत नाही.

त्यानंतर अंगावर तासन् तास राहणाऱ्या वस्तूंकडे वळा : लोशन, तेल, रॅश क्रीम आणि वाइप्स. वाइप्सनंतर आपण बाळाला धूत नाही, म्हणून त्यातला द्रव अंगावरच वाळतो. या चारही गोष्टी आधी बिनसुगंधी करा. साबण-शाम्पू मिनिटभरात वाहून जातात, ते नंतर बघितले तरी चालेल. साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो, तर त्वचेचा साधारण ५.५. म्हणून ५.५ च्या आसपासचा एकच साबणविरहित क्लेन्झर डोक्यापासून पायापर्यंत वापरा, तोही आठवड्यातून दोन-तीनदा. बाकीच्या दिवशी साधं पाणी. अंघोळ ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरका. त्वचा कोरडी दिसली तरच लोशन, आणि ते अंग किंचित ओलसर असतानाच.

कातळ :
निंबोणींशी सहमत. आता लेबलबद्दल. घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, पण १ टक्क्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा असते. फिनॉक्सिइथॅनॉल हे संरक्षक (उत्पादनात जंतू वाढू न देणारा घटक) युरोपात कमाल १ टक्का चालतं. यादीत त्याच्यानंतर आलेले घटक साधारणपणे १ टक्का किंवा त्याहून कमी समजायचे. बाटलीवर मोठं फूल छापलेला अर्क बहुतेक वेळा त्या रेषेखालीच सापडतो. अ‍ॅलर्जीला मात्र तेवढंही पुरतं, म्हणून शेवटची नावं सोडू नका.

'फ्रॅग्रन्स', 'परफ्यूम' किंवा 'अरोमा' या एका शब्दाआड डझनावारी रसायनं असू शकतात. 'अनसेंटेड' लिहिलं म्हणजे सुगंध नाही असं नव्हे. मूळचा वास झाकायला त्यात सुगंध घातलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स-फ्री' लिहिलेलं शोधा आणि यादीत लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल दिसलं तर परत ठेवा. सुगंधी वनस्पतितेलांतूनही हीच रसायनं येतात.

मिथाइलआयसोथायाझोलिनोन (एमआय) हे अ‍ॅलर्जी आणणारं संरक्षक असेल तर घेऊच नका. अंगावर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत त्यावर युरोपने २०१७ पासून बंदी घातली, धुऊन जाणाऱ्यांत मर्यादा ०.००१५ टक्के. डीएमडीएम हायडँटॉइन, क्वाटर्नियम-१५, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया हे हळूहळू फॉर्मल्डिहाइड हे अ‍ॅलर्जी आणणारं रसायन सोडतात, तेही टाळा. पॅराबेन हीसुद्धा संरक्षकंच, पण ती सरसकट सारखी नाहीत. मिथाइल, इथाइल तुलनेने सौम्य. प्रोपिल आणि ब्यूटिलला तीन वर्षांखालच्या मुलांच्या डायपरच्या जागी लावून ठेवायच्या उत्पादनांत युरोपने २०१४ च्या नियमाने मनाई केली. झाकलेली, ओली, सोललेली त्वचा जास्त शोषून घेते, हे त्यामागचं कारण. 'पॅराबेन-फ्री'वर भाळू नका. पॅराबेन काढून काहींनी एमआय घातलं आणि अ‍ॅलर्जीचे रुग्ण वाढले.

सोनटक्का :
घरी करण्याबद्दल. ज्यात पाणी आहे त्याला संरक्षक लागतंच. बिनसंरक्षकाच्या घरगुती लोशनमध्ये काही दिवसांत जंतू वाढतात आणि वासावरून ते कळतही नाही. त्यापेक्षा पाणीच नसलेली वस्तू निवडा. शुद्ध केलेली साधी पेट्रोलियम जेली त्वचेचं पाणी धरून ठेवते आणि त्यात सुगंध किंवा संरक्षकाची गरज नसते.

मसाजला लिनोलेइक आम्ल भरपूर असलेलं सूर्यफूल तेल घ्या. बाटलीवर 'हाय ओलेइक' लिहिलेलं सूर्यफूल तेल नको. ओलेइक आम्लाने त्वचेचा वरचा थर सैल होतो, ऑलिव्ह तेलाचीही हीच अडचण. पुरळ किंवा भेगा असलेल्या त्वचेवर शेंगदाणा, बदाम, ओट, दूध असलेलं काही लावू नका. फुटलेल्या त्वचेतून ते आत गेलं तर पुढे त्याच अन्नाची अ‍ॅलर्जी होण्याचा धोका वाढतो. कापूर, मेंथॉल, निलगिरी दोन वर्षांखाली नकोच. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, मेंथॉलने तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो.

अबोली :
आत्ताच पाहिलं, 'पॅराबेन-फ्री' वाइप्सच्या यादीत एमआय आहे! शीच्या जागेभोवती लालीही आहे. बाहेर जाताना मग काय न्यायचं?

निंबोणी :
ते वाइप्स बंद करा. ही अ‍ॅलर्जी असेल तर लाली पूर्ण जायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, दोन दिवसांत फरक नाही म्हणून नवीन क्रीम सुरू करू नका. सुती कापड किंवा कापूस कोमट पाण्यात भिजवून पुसा, वाळलेल्या शीसाठी कापसावर थोडं बिनसुगंधी मिनरल ऑइल. घासू नका, टिपा, आणि काही मिनिटं उघडं ठेवा. मग बिनसुगंधी झिंक ऑक्साइड पेस्टचा त्वचा दिसेनाशी होईल असा जाड थर द्या. सगळे इथेच चुकतात : पुढच्या वेळी तो थर खरवडून काढतात. फक्त वरची मळलेली पेस्ट पुसा, खालची राहू द्या, वर नवीन लावा.

बाहेरसाठी स्वच्छ ओले कापडी तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. त्याच दिवशी संपवा, घरी आल्यावर ६० अंशांवर धुवा. लाली जांघेच्या घडीत शिरली असेल आणि कडेला सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी असते, झिंकने जात नाही. तेव्हा, किंवा तीन दिवसांत उतार नसेल तर, डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब स्वतःहून लावू नका.

कातळ :
कपड्यांचं राहिलं. सॉफ्टनर बंदच करा. तो सुगंधासकट धाग्यावर बसतो आणि कापडी लंगोटांची शोषणशक्ती कमी करतो. बिनसुगंधी लिक्विड मोजून घाला आणि एक खळबळ जादा द्या.

मोठ्यांच्या अंगावरचंही बाळापर्यंत पोचतं. परफ्यूम मानेवर मारला की बाळाचं तोंड नेमकं तिथेच टेकतं. केसांसाठीचं मिनॉक्सिडिल किंवा टेस्टोस्टेरॉन जेल घरात कोणी लावत असेल तर हात साबणाने धुवा, ती जागा कपड्याने झाका आणि बाळाला घेण्याआधी औषध पूर्ण सुकू द्या. अशा संपर्कातून बाळांच्या अंगावर लव वाढल्याच्या नोंदी आहेत.

नवीन वस्तू एका वेळी एकच आणा. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी आठवडाभर दिवसातून दोनदा लावा. लाली, पुरळ काही आलं नाही तरच अंगभर वापरा.