पावसात शेळ्या लंगडतायत

गुहागरकर: उस्मानाबादी आणल्यात. पाऊस लागला तशा दोघी लंगडतात, खुरांच्या बेचक्यात कुबट वास. गोठा सारवलेला आहे. काय करू?

देवगडचो शेळीवालो: ओल्या जमिनीवर ठेवल्यास दुसरं काय होणार, भाऊ! पोफळीच्या रिपांचा (पट्ट्यांचा) उंच माचा कर. फटीतून लेंडी पडली पाहिजे, पाय अडकता नये. कुजलेलं खूर छाट, मग लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम झिंक सल्फेट घालून खूर बुडव. ते पाणी प्यायला देऊ नको हां. पुढच्या खेपेला कोकण कन्याळ जातीची घे, आपला पाऊस सोसते.

चिपळूणची ताई: आंत्रविषाराची (आतड्यात विष होतं त्या रोगाची) लस टोचलीस? कोवळं गवत भसाभस खाल्लं की तो रोग होऊन शेळी दगावू शकते. आधी सुका पेंढा, मग चरायला.

गुहागरकर: नाही टोचली. उद्याच डॉक्टरांना बोलावतो. फणसाचा पाला चालेल?

देवगडचो शेळीवालो: चालेल काय, तुटून पडतील! फक्त भिजलेला घालू नको.