मदत हवी आहे: डिप्रेशन, अँग्झायटी आणि जीन्स
इथे कुणी जेनेटिक्स किंवा सायकियाट्रीत काम करणारं असेल तर प्लीज सांगा. आईला डिप्रेशन होतं, ताईला अँग्झायटी आहे, म्हणून यावरचा रिसर्च वाचायला घेतलाय. २००३ मध्ये कॅस्पी वगैरे संशोधकांचा सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर जीनवरचा पेपर खूप गाजला (या जीनच्या एका प्रकारामुळे ताणाच्या काळात डिप्रेशनची शक्यता वाढते, असा दावा), पण २०१९ मध्ये लाखो लोकांचा डेटा तपासला तर अशा एकेकट्या गाजलेल्या जीन्सना काही आधारच मिळाला नाही, आणि त्याच वर्षी दुसऱ्या टीमला डिप्रेशनशी जोडलेल्या डीएनएवरच्या १०२ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम अगदी बारीक. इथपर्यंत कळलं. जुळ्यांच्या अभ्यासातून डिप्रेशनची आनुवंशिकता साधारण ३७ टक्के येते, पण तो आकडा एका माणसाबद्दल नसून लोकांमधल्या फरकाबद्दल असतो ना? आणि डिप्रेशन, अँग्झायटी दोन्हींचे जीन्स बरेचसे सारखे असतील तर एकाच घरात एकीला हे अन् दुसरीला ते का होतं, परिस्थितीमुळे? मुख्य म्हणजे पॉलिजेनिक स्कोअर (अनेक जीन्सचे बारीक परिणाम मिळून काढलेला धोक्याचा अंदाज) सांगणारी टेस्ट ताईने करावी का? मला वाटतं त्याने नुसती भीती वाढेल, पण ती हट्टाला पेटलीये. निदान डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं तेवढं तरी सांगा.