मदत हवी आहे: सुरतेत दोन दिवस, दोन मुली आणि रविवारी बंद असणारा बाजार

नमस्कार. मी अमळनेरला राहते आणि बँकेत नोकरी करते, त्यामुळे शनिवार-रविवारची जोडून सुट्टी मला फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मिळते. नवरात्राच्या आधीच्या अशा एका सुट्टीत दोन्ही मुलींना खरेदीसाठी मोठ्या शहरात नेण्याचे मी कबूल करून बसले आहे. थोरली 16 वर्षांची आहे आणि धाकटी 13 वर्षांची. जळगावच्या फुले मार्केटमधली सगळी दुकाने आपल्याला पाठ झाली आहेत, असे दोघींचे म्हणणे आहे आणि ते अगदीच खोटे नाही. मोबाइलवरून मागवलेले कपडे मापात बसत नाहीत म्हणून निम्मे परत पाठवावे लागतात, तेव्हा कापड हाताला लावून आणि अंगाला लावून पाहता यावे, ही त्यांची मागणी मलाही रास्त वाटते.

मुंबई आणि पुण्याचा विचार केला होता, परंतु येण्याजाण्यात दोन रात्री मोडून सोमवारी सकाळी काउंटरवर बसणे मला झेपणार नाही. सुरत मात्र रेल्वेने सुमारे 250 किलोमीटरवर आहे आणि चार-पाच तासांत पोहोचता येते. सुरत लुटायला निघालात का, हा यजमानांचा विनोद आतापर्यंत सात-आठ वेळा ऐकून झाला आहे, म्हणून कृपया तो येथे कोणी पुन्हा करू नये.

पहिली अडचण वाराची आहे. रिंग रोडवरील कापडाची बहुतेक घाऊक मार्केट रविवारी बंद असतात, म्हणजे ज्या बाजारासाठी सुरतेला जायचे तो मला एकच दिवस मिळणार.

दुसरी अडचण नात्यांची आहे आणि खरे सांगायचे तर तीच मोठी आहे. खानदेशातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमचेही अर्धे गणगोत सुरतेत आहे. चुलत दीर आणि जाऊबाई डिंडोलीला राहतात, तर माझे मामा उधन्याला. हॉटेलात उतरलो आणि ते नंतर कळले तर पुढच्या प्रत्येक लग्नात ते ऐकावे लागेल. घरी उतरलो तर सकाळचा नाश्ता एकाकडे, दुपारचे जेवण दुसऱ्याकडे, मध्ये शेजारच्या ओळखीच्यांकडे चहा, यातच दोन दिवस संपतील. मागच्या खेपेला नेमके हेच झाले होते आणि मुली एक रुमालही न घेता परतल्या होत्या. ती गोष्ट त्या अजून विसरलेल्या नाहीत.

तिसरी गोष्ट पैशांची. प्रत्येकीला 4000 रुपये रोख हातात द्यावेत, त्यातून काय घ्यायचे ते तिने ठरवावे आणि संपले की संपले, असे मी योजले आहे. थोरलीला गरब्यासाठी चणियाचोळी आणि ऑक्सिडाइज्ड दागिने हवे आहेत. धाकटीला बूट, पर्स आणि डुमसचा समुद्रकिनारा हवा आहे, कारण तेथे भुते दिसतात असे तिने कोठेतरी पाहिले आहे. मला स्वतःला भाचीच्या लग्नासाठी पाच-सहा साड्या घ्यायच्या आहेत. हे सगळे दोन दिवसांत कोणत्या क्रमाने बसवावे, नातेवाइकांचे काय करावे आणि मुलींना बाजारात थोडे मोकळे सोडता येईल का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद, नंदुरबारहून

ताई, माझे मत इंदूरच्या बाजूने आहे. राजवाड्याभोवतीचा बाजार मुलींना आवडतो आणि रात्री सराफ्यातील दागिन्यांची दुकाने बंद झाली की तेथेच खाण्याच्या गाड्या लागतात, त्यामुळे संध्याकाळ रिकामी जात नाही. मुख्य म्हणजे तेथे तुमचे नातेवाईक नाहीत. अर्थात अमळनेरहून धुळे, शिरपूर, सेंधवा असा सगळा प्रवास रस्त्याने करावा लागेल, हे मान्य आहे.

प्रतिसाद, उधन्याहून

नमस्कार ताई. मी मूळचा पारोळ्याचा, परंतु गेली अनेक वर्षे येथे कापडाच्या व्यवसायात असल्यामुळे सविस्तर लिहितो.

रिंग रोडची मार्केट रविवारी बंद असतात म्हणून आपण हळहळत आहात, पण आपल्या मुलींसाठी ती शनिवारीही फारशी उपयोगाची नाहीत. तेथील व्यापारी दुकानदारांना माल देतात आणि साड्या किंवा ड्रेस मटेरियल बहुधा पूर्ण सेटमध्येच विकतात. एकाच डिझाइनच्या सहा-आठ रंगांच्या साड्यांतून एक काढून द्या म्हटले तर बरेच जण नकार देतात. लग्नातल्या देण्याघेण्याच्या साड्यांसाठी असा एखादा सेट मात्र स्वस्तात पडतो, तेव्हा त्या कोणाकोणाला द्यायच्या आहेत हे आधी ठरवून या. सुट्या साड्या हव्या असतील तर उमरवाड्यातील बॉम्बे मार्केट पाहावे. तेथे एक-दोन नगही मिळतात.

मुलींसाठी खरा बाजार म्हणजे जुन्या शहरातला चौटा बाजार. गल्ल्या अरुंद आहेत, गर्दी भरपूर असते, आणि चणियाचोळी, खोटे दागिने, पर्स, चपला असे बायकामुलींचे सगळे सामान तेथे एका फेरीत होते. नवरात्राच्या आधी गर्दी आणखी वाढते, म्हणून शनिवारी सकाळी दुकाने उघडताच पोहोचावे. ट्रायलची सोय सगळीकडे असेलच असे नाही, तेव्हा मुलींची मापे लिहून आणि टेप पर्समध्ये ठेवून या. चणियाचोळी घेताना घेर सगळेच पाहतात, पण घरी गेल्यावर रडायला लावते ती चोळी, म्हणून शिवणीच्या आत कापड सोडले आहे की नाही ते उलटून पाहावे. आरसे आणि कवड्या चिकटवलेल्या आहेत की टाके घालून शिवलेल्या, हेही बोटाने दाबून पाहावे, कारण चिकटवलेले दोन रात्रींच्या गरब्यात गळतात.

मोकळे सोडण्याविषयी म्हणाल तर चौट्यात सोडू नये. धोका आहे म्हणून नव्हे, तर त्या गल्ल्यांत एकदा चुकामूक झाली की अर्धा तास शोधण्यातच जातो. मोकळीक रविवारी डुमस रोडवरील व्हीआर मॉलमध्ये द्यावी. भेटण्याची वेळ आणि जागा ठरवून आपण चहा घेत बसावे. त्याच रस्त्याने पुढे डुमस आहे. वाळू काळी आहे आणि पाणी अंघोळीचे नाही, परंतु टोमॅटोची भजी खाण्यासाठी सगळी सुरत तेथे जाते. भुते मला आजवर दिसलेली नाहीत. धाकट्या ताईंना दिसली तर जरूर कळवावे.

आता नात्यांचे. जाऊबाईंना आधीच फोन करून सांगा की शनिवारी रात्री जेवायला आणि मुक्कामाला तुमच्याकडेच येतो, पण त्याच दिवशी सकाळी तुम्ही आमच्यासोबत चौट्यात चला, भाव करायला आम्हाला तुमची गरज आहे. येथे राहिलेल्या बाईला गुजरातीत भाव करता येतो आणि आपल्यावाचून पाहुण्यांचे अडले, याचा आनंद वेगळाच असतो. मामांकडे रविवारी परतताना जावे, कारण आपला रेल्वेमार्ग उधन्यालाच मुख्य मार्गाला मिळतो आणि काही गाड्या सुरतऐवजी उधन्याहूनच सुटतात. तिकीट काढताना स्थानकाचे नाव नीट वाचावे. येताना भरताची वांगी आणि कळण्याचे पीठ आणलेत तर मामा नाश्त्याला न आल्याबद्दल एक शब्द बोलणार नाहीत.

प्रतिसाद, धुळ्याहून

रोख रकमेची कल्पना उत्तम आहे, मात्र खाणे आणि रिक्षा त्यात धरू नयेत. आम्ही धरले होते, तर मुलाने दिवसभर उपाशी राहून बूट घेतले. आणखी एक: सगळे पैसे शनिवारी सकाळी देऊ नका, नाहीतर रविवारी मॉलमध्ये दोघींची तोंडे पाहवणार नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. इंदूर पुढच्या वेळेसाठी राखून ठेवते. जाऊबाईंना काल फोन केला. चौट्याचे नाव काढताच त्यांनी कोणत्या गल्लीतून आत शिरायचे तेही ठरवून टाकले आणि मुलींची मापे आताच मागून घेतली. रकमेतले 2500 रुपये शनिवारी आणि उरलेले रविवारी देणार आहे. थोरलीने हरकत घेतली, कारण तिच्या मते चणियाचोळीच 2500 रुपयांच्या वर जाईल. सुती कापडावर मध्यम आरसेकाम असलेल्या तयार चणियाचोळीचा चौट्यात साधारण काय भाव चालतो, हे उधन्याच्या भाऊंनी सांगितले तर हा वाद आम्ही सुरतेला निघण्यापूर्वीच मिटेल. वांगी शुक्रवारच्या बाजारातून घेऊन ठेवते.