मदत हवी आहे : उशिरा पालक झाल्यावर वजन कसे उतरवावे?

माझे वय 49 आणि मुलीचे 5. परवा झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन जिना चढताना दुसऱ्याच मजल्यावर कठड्याला धरून उभे राहावे लागले. गुडघा कुरकुरत होता आणि धाप काही केल्या कमी होईना. (तिला जाग आली नाही, एवढेच समाधान.) डॉक्टरांनी 10 किलो वजन उतरवण्यास सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि निदान 2 दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचवते, तसेच नुसते जेवण तोडल्यास चरबीबरोबर स्नायूही घटतात, हे मला ठाऊक आहे. अडचण माहितीची नसून वेळेची आणि झोपेची आहे. मुलगी रात्री दोनदा उठते, सकाळ तिच्या आवराआवरीत जाते आणि तिने ताटात टाकलेले घास नकळत माझ्याच पोटात जातात. ज्यांनी चाळिशीनंतर लहान मूल सांभाळत वजन उतरवले, त्यांनी व्यायाम दिवसात नेमका कुठे बसवला, 10-10 मिनिटांचे तुकडे पुरले का, आणि दुखऱ्या गुडघ्याला झेपतील असे ताकदीचे कोणते व्यायाम केले, हे कृपया सविस्तर कळवावे.