हिमोफिलियाला क्रायो देणं बंद करावं का?

मुक्ता: माझा मुलगा १४ वर्षांचा, हिमोफिलिया ए. म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन त्याच्या अंगात कमी, रक्त लवकर थांबत नाही. गेल्या महिन्यात गुडघा सुजला. रुग्णालयात फॅक्टर आठचं औषध संपलं होतं, म्हणून क्रायो लावलं, म्हणजे दात्याच्या प्लाझ्मातून (रक्तातल्या द्रवातून) रक्तपेढीत काढलेला, फॅक्टर आठ असलेला साका. ४० किलोच्या पोराला १० पिशव्या, म्हणजे १० अनोळखी दाते. फॅक्टर बनवताना सॉल्व्हंट-डिटर्जंट वापरतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचं स्निग्ध आवरण त्यात विरघळतं, विषाणू मरतो. त्या पिशव्यांवर असं काहीच केलेलं नव्हतं. सगळी भिस्त दात्याच्या चाचणीवर, आणि संसर्ग ताजा असेल तर चाचणी निगेटिव्हच येते. हे बंदच व्हायला हवं.

रक्तपेढीवाला: ताई, बंद केलं आणि रात्री दोनला डोक्यात रक्तस्राव झालेलं मूल आलं, फॅक्टर नसलं, तर काय द्यायचं? शिवाय ब्रिटन आठवा. तिथे रक्तस्राव-विकाराच्या सुमारे १,२५० रुग्णांना एचआयव्ही झाला, तो मुख्यतः फॅक्टरमधूनच. हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र ओतलेला. एक दाता बाधित, की अख्खा लॉट बाधित. नुसत्या क्रायोवर असलेल्यांना तेव्हा धोका कमी होता.

मुक्ता: दादा, ते फॅक्टर विषाणू न मारलेलं होतं. १९८५ नंतर चित्र बदललं. चाळीस वर्षांपूर्वीच्या बाटलीची भीती दाखवून आजची पिशवी सुरक्षित ठरत नाही.

अनिकेत: मी हिमोफिलियाचा रुग्ण, मुक्ताताईंच्या बाजूचा. पण डिटर्जंटनं सगळं मरत नाही. हिपॅटायटिस ए आणि पार्वोव्हायरस बी१९ यांना आवरणच नाही. इटलीत १९९०च्या आसपास डिटर्जंट केलेल्या फॅक्टर आठमधून हिपॅटायटिस ए पसरला होता. म्हणून ८० अंशांवर ७२ तास कोरडी उष्णता किंवा नॅनोफिल्टर (विषाणू अडवणारी अतिसूक्ष्म गाळणी), अशी दुसरी पायरी हवीच. पार्वो त्यालाही चिवट आहे. मी बाटलीसोबतचा कागद वाचल्याशिवाय सुई टोचून घेत नाही.

रक्तपेढीवाला: हे पटलं. मग क्रायोच्या दात्यांची नॅट चाचणी (थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) सक्तीची करा, तो ताज्या संसर्गाचा काळ बराच आखूड होतो. बंदी नको.

मुक्ता: आखूड होतो, संपत नाही. आणि हिमोफिलिया बीच्या, म्हणजे फॅक्टर नऊ कमी असलेल्या मुलांचं काय? क्रायोत फॅक्टर नऊ नसतंच. त्यांना तर फॅक्टर ठेवावंच लागणार. रात्री दोनला जीव वाचवायला क्रायो द्या, मी आडवी येणार नाही. माझ्या मुलाला लावलं तेव्हा दुपारचे साडेअकरा वाजले होते, आणि फॅक्टर संपून तीन आठवडे झाले होते.