लाइमलाइट: कॅल्व्हेरोला शेवटी मिळालेला हशा खरा की दयेचा?

रंगपट
परवा रात्री चॅप्लिनचा लाइमलाइट पुन्हा पाहिला. कॉलेजात असताना पाहिला होता तेव्हा ढसाढसा रडलो होतो, आता पंचावन्नाव्या वर्षी पाहिला आणि रडू नाही आलं, राग आला, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९१४ चं लंडन. कॅल्व्हेरो (हे काम चॅप्लिननंच केलंय) हा एकेकाळी म्युझिक हॉल, म्हणजे गाणी-विनोदांच्या कार्यक्रमांची थिएटरं, गाजवलेला विनोदी नट, आता काम नाही, दारू पितो. एक दिवस झिंगत घरी येतो तर गॅसचा वास, खालच्या खोलीत टेरी नावाच्या नर्तकीनं जीव द्यायचा प्रयत्न केलेला. हा तिला वाचवतो, स्वतःच्या खोलीत आणून ठेवतो. तिचे पाय चालत नाहीत, डॉक्टरला शरीरात दोष सापडत नाही, मनानंच घेतलंय. तिला हा परत उभी करतो. पुढे ती मोठी बॅले नर्तकी होते आणि हा घसरत घसरत रस्त्यावर वाजवून टोपी फिरवण्यापर्यंत जातो. शेवटी थिएटरवाले त्याच्यासाठी मदतीचा कार्यक्रम ठेवतात, तिथे तो तुफान गाजतो आणि तिथेच हार्ट अटॅक येऊन विंगेत मरतो.

माझा मुद्दा असा की मिडलसेक्स थिएटरचा प्रसंग हाच या सिनेमाचा खरा शेवट आहे. बऱ्याच दिवसांनी काम मिळतं, तो उभा राहतो आणि लोक उठून चालू लागतात. नंतर आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसतो तो शॉट आठवा, काहीही बोलत नाही, नुसतं पुसतो आणि खालून एक म्हातारा चेहरा वर येतो. एवढं खरं दाखवल्यावर चॅप्लिन घाबरला असं मला वाटतं. त्याला कॅल्व्हेरोला जिंकवायचंच होतं म्हणून मदतीचा कार्यक्रम आणला. अरे पण जे लोक तिकीट काढून आलेत ते 'बिचारा कॅल्व्हेरो' म्हणून आलेत ना? तो हशा दयेचाच. आणि दयेचा हशा विजय म्हणून दाखवला ही कॅल्व्हेरोशीच बेइमानी आहे.

माधवी_सांगली
रंगपट, मिडलसेक्सबद्दल शंभर टक्के सहमत, पण पुढचं अजिबात पटलं नाही.

तुम्ही धरून चाललात की कॅल्व्हेरोची कला संपलीये. सिनेमात तसं कुठे आहे? तो टेरीला स्वतःच सांगतो की त्याचं आणि प्रेक्षकांचं नातं तुटलं, वय वाढलं तसं माणूस खोलात जाऊन जगायला बघतो, एक उदास भारदस्तपणा येतो आणि विनोदी नटाला तोच मारतो. दारू त्यासाठी लागायची, हसवता यावं म्हणून. म्हणजे गेलं काय तर धीर. टायमिंग नाही गेलं.

मी पंधरा वर्षं हौशी नाटकात आहे. आमच्यात एक ज्येष्ठ नट होते, नाव नाही घेत, एन्ट्रीलाच हशा घ्यायचे. एका प्रयोगाला हाऊस गार पडलं, काहीच कारण नव्हतं, होतं कधी कधी. त्यानंतर त्यांनी प्रत्येक वाक्यापुढे हशाची वाट बघायला सुरुवात केली, अर्धा सेकंद फक्त, आणि तेवढ्यानं सगळं गेलं. विंगेतून आम्हाला दिसत होतं. तालमीत तोच माणूस आम्हाला लोळवायचा. त्यामुळे कॅल्व्हेरो मदतीच्या कार्यक्रमात परत सापडतो यात मला खोटं काही वाटत नाही. लोक आपल्या बाजूचे आहेत एवढं कळलं की हात सुटतात.

रात्रपाळी
मी रंगपटच्या बाजूनं, पण माझी तक्रार अजून मोठी आहे. वर्षानुवर्षं एक शब्द न बोलता ज्यानं जगाला हसवलं तो माणूस इथे दोन तास सतरा मिनिटांच्या सिनेमात थांबतच नाही. जगणं म्हणजे काय, इच्छा म्हणजे काय, गुलाबानं गुलाब असणं म्हणजे काय. टेरी बिचारी पलंगावर पडून ऐकतेय. काही वाक्यं सुंदर आहेत, नाही म्हणत नाही, रंगभूमीचा तिटकारा आहे तसा रक्ताचाही आहे पण ते माझ्या नसांत आहे, अशा अर्थाचं तो बोलतो ते मला पाठ आहे. पण सारखं आपलं वाटतं की कॅल्व्हेरोच्या आडून त्रेसष्ट वर्षांचा चॅप्लिन स्वतःचीच कीव करतोय. वर विशीतली सुंदर मुलगी म्हणते मला तुमच्याशीच लग्न करायचंय. हे मेलोड्रामा म्हणूनसुद्धा जास्त होतं.

जुनी_रिळं
रात्रपाळी, कीव हा शब्द मला लागला म्हणून लिहितोय.

हा माणूस कशातून आलाय ते बघा. आई हॅना म्युझिक हॉलमध्ये गायची. चॅप्लिननं आत्मचरित्रात सांगितलंय, ऑल्डरशॉटला कार्यक्रमात तिचा आवाज फाटला, समोर बहुतेक सैनिक, त्यांनी हुर्यो उडवली आणि तिला आत यावं लागलं. मॅनेजरनं पाच वर्षांच्या चार्लीला पुढे ढकललं. तो गायला, लोकांनी पैसे फेकले. मग त्यानं भाबडेपणानं आईचीच नक्कल केली, फाटलेल्या आवाजासकट, आणि लोक हसले. बापही म्युझिक हॉलचा गायक, दारूनं चाळिशीच्या आतच गेला. आता सांगा, कॅल्व्हेरोचं थिएटर रिकामं होताना दाखवलंय ती कीव आहे का? तो पोरगा पाचव्या वर्षी विंगेत उभा राहून हेच बघत होता, फक्त समोर आई होती.

आणि सिनेमा आला कधी तेही बघा. सप्टेंबर १९५२ मध्ये चॅप्लिन याच्याच लंडनमधल्या प्रीमियरसाठी क्वीन एलिझाबेथ बोटीनं निघाला आणि बोट समुद्रात असतानाच अमेरिकेनं त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला. कम्युनिस्ट म्हणून आधीच झोड उठली होती. तिकडच्या कितीतरी थिएटरांनी सिनेमा लावलाच नाही. लॉस एंजेलिसमध्ये, जिथे लागल्याशिवाय ऑस्करसाठी विचार होत नसे, रीतसर लागला १९७२ ला, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या सिनेमाच्या संगीताला १९७३ मध्ये ऑस्कर मिळालं! प्रेक्षक गमावणं म्हणजे काय हे त्याला कल्पनेनं लिहायची गरजच नव्हती.

रंगपट
@माधवीताई, तुमच्या नटाचं वाचून गलबललं. पण बघा, त्यांना नंतर मदतीचा प्रयोग मिळाला असता आणि लोक हसले असते तर त्यांना स्वतःला ते खरं वाटलं असतं का? तेच तर विचारतोय.

@जुनी रिळं, आईची गोष्ट माहीत नव्हती, धन्यवाद. पण चॅप्लिनचं दुःख खरं होतं म्हणून सिनेमाचा शेवट खरा ठरत नाही. उलट आईच्या वेळी कोणी मदतीचा कार्यक्रम नाही ठेवला. लोक हसले ते पोराला, तिला नाही.

पिटातला_प्रेक्षक
बस्टर कीटनबद्दल कोणीच कसं बोललं नाही? मूकपटांतला तो दुसरा मोठा विनोदी नट, शेवटच्या मदतीच्या कार्यक्रमात कॅल्व्हेरोचा जोडीदार. सिनेमाचा जीव त्या दोघांच्या आयटममध्ये आहे. चॅप्लिननं खरं तर दया दाखवली ती कीटनवर, तो तेव्हा पूर्ण संपला होता, आणि तरी त्याचे चांगले तुकडे कापले असं म्हणतात.

जुनी_रिळं
कीटन संपला होता हे पूर्ण खरं नाही हो. वाईट काळ गेला होता, दारूही होती, पण १९५० च्या सुमाराला लॉस एंजेलिसच्या टीव्हीवर त्याचा स्वतःचा शो झाला होता, सनसेट बुलेवार्ड या सिनेमात पत्ते खेळणाऱ्या जुन्या मंडळींत तो बसलेला दिसतो. कापाकापीची गोष्ट ऐकीव आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण पडद्यावर जे आहे त्यात कीटनला भरपूर जागा आहे. पियानोवरून घसरणारे कागद सावरण्याची ती धडपड, तेवढा वेळ चॅप्लिनकडे लक्षच जात नाही.

माधवी_सांगली
पिटातला प्रेक्षक, तुम्ही विषय काढलात म्हणून मी तो प्रसंग आत्ता पुन्हा लावून बघितला, आणि रंगपट, तुमचं उत्तर मला तिथे मिळालं असं वाटतंय.

त्याच कार्यक्रमात कॅल्व्हेरो आधी एकट्यानं आयटम करतो, तिथे प्रेक्षकांचं हसणं ऐकू येतं. पण कीटनबरोबरच्या त्या जोडीच्या आयटमला बराच वेळ हसणं येतच नाही. कीटन कागदांशी झगडतोय, चॅप्लिनचा पाय आखूड होतोय, पियानोच्या तारा बाहेर येतायत, व्हायोलिन पायाखाली चिरडतंय आणि थिएटर शांत. आधी मला वाटायचं साउंडमध्ये काही राहिलंय. पण नाही, इथे तुम्ही आम्ही हसायचं असं त्यानं ठरवलंय. तुम्ही म्हणताय तो दयेचा हशा त्यानं काढूनच टाकला. आता हसू आलं तर ते आपलं, आणि आपण काही कॅल्व्हेरोच्या मदतीसाठी तिकीट काढलेलं नाही.

खरं सांगा, परवा रात्री तुम्ही तिथे हसलात की नाही?

रात्रपाळी
मी हसलो होतो. बडबड मला अजूनही सहन होत नाही, पण तिथे हसलो.

रंगपट
ताई, हसलो. एकटा बसलो होतो तरी मोठ्यानं हसलो.

हे शांततेचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, त्यामुळे 'बेइमानी' हा शब्द मागे घेतो. तरी कॅल्व्हेरोचं काय हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण आपण हसलो ते त्याला कुठे कळणार, त्याच्या कानावर पडल्या त्या मदतीच्या कार्यक्रमाला आलेल्यांच्याच टाळ्या. तो ड्रममध्ये पडतो, लोकांना तो आयटमचाच भाग वाटतो, त्याला ड्रमसकट उचलून आत नेतात आणि आतून तो लोकांशी बोलतोय. मग विंगेत कोचावर आडवा, टेरी नाचतेय ते बघायला. मी अजून एकदा बघणार आहे, या वेळी फक्त त्याचा चेहरा बघणार, ड्रममध्ये असतानाचा, त्याला काय वाटतंय ते दिसतं का.

माधवी_सांगली
बघा आणि इथेच लिहा. मीही रविवारी परत लावते.