मदत हवी आहे: धंद्याच्या पत्रातली लघुरूपे कुठे चालतात, कुठे अडतात?

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. फौंड्रीच्या ऑफिसात मराठी पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. लघुरूपांच्या बाबतीत इथे ज्याचा त्याचा कारभार. एक नमुना देतो (नाव अर्थातच बदललेले), बिनधास्त लाल पेन चालवा:

"मे. अबक इंजिनिअरिंग प्रा. लि., मु.पो. शिरोली. स.न.वि.वि., आपल्या पी.ओ. क्र. ११८, ता. ३/४/२५ नुसार २.५ एम.टी. सी.आय. कास्टिंग एफ.ओ.आर. पाठवत आहोत. रक्कम रु. २,८७,५००.००/-, जी.एस.टी. चा आकार वेगळा. चु.भू.द्या.घ्या."

करवीरवासी
पत्त्यापासूनच सुरुवात करू. 'मु.पो. शिरोली' एवढ्यावर गाडी कुठे जाईल? पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात, शिरोली दुमाला करवीर तालुक्यात. म्हणून 'मु.पो. पुलाची शिरोली, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर' असे पूर्ण हवे. 'ता.' तालुक्यासाठी खर्ची पडला की तारखेला 'दि.' घ्या. एकाच पत्रात एका लघुरूपाचे दोन अर्थ नकोत.

शहरातला पत्ता असेल तर सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) वॉर्डासकट लिहा, आणि 'ई वॉर्ड' मधल्या ई पुढे टिंब देऊ नका. 'इ.' म्हणजे इत्यादी, नाहीतर इयत्ता.

'मे.' भागीदारी किंवा व्यक्तीच्या नावाच्या फर्मला शोभतो. पुढे 'प्रा. लि.' असताना त्याची गरज नाही.

साचा_आणि_रस
मालाच्या ओळीत खरी गोम आहे.

'सी.आय.' म्हणजे बीड (कास्ट आयर्न, ओतीव लोखंड), एवढेच कळते. ग्रेड कळत नाही. 'एफजी २६०, आयएस २१०' असे लिहा (आयएस म्हणजे भारतीय मानक). २६० हा आकडा ताणशक्तीचा, मेगापास्कलमध्ये. इथे आणखी एक गंमत आहे. स्टोअरवाला 'एफजी' वाचून फिनिश्ड गुड्स समजतो, म्हणून ग्रेडचा आकडा कधी गाळू नका. डक्टाइल (कमी ठिसूळ बीड) असेल तर नुसते 'एसजी' पुरणार नाही, 'एसजी ५००/७, आयएस १८६५' हवे.

'एम.टी.' (मेट्रिक टन) सोडूनच द्या. ट्रान्सपोर्टवाल्याच्या तोंडी 'एमटी गाडी' म्हणजे रिकामी गाडी. परदेशी गिऱ्हाईक असेल तर टनाचे तीन प्रकार होतात: मेट्रिक १००० किलो, अमेरिकी सुमारे ९०७, ब्रिटिश सुमारे १०१६. सरळ '२,५०० किलो' लिहा, दर किलोवरच असतो. ई-इन्व्हॉइसमध्ये मात्र आपली मर्जी चालत नाही. तिथे एककांच्या ठरलेल्या यादीतलाच कोड निवडायचा: केजीएस, एमटीएस, एनओएस वगैरे. पत्रात किलो आणि इन्व्हॉइसमध्ये टन असे करू नका, गिऱ्हाइकाच्या आवक नोंदीत मेळ बसत नाही आणि पेमेंट अडकते.

'एफ.ओ.आर.' म्हणजे ठरलेल्या ठिकाणापर्यंतचे भाडे विकणाऱ्याकडे. पुढे गावाचे नाव नसेल तर भाडे कोणाच्या अंगावर? 'एफओआर पुलाची शिरोली, भाडे आमच्याकडे' असे लिहा. गाडी गिऱ्हाईक पाठवणार असेल तर 'एक्स-वर्क्स उद्यमनगर'. निर्यातीच्या कोटेशनमध्ये एफओआर अजिबात नको: इन्कोटर्म्स २०२० (माल पोचवण्याच्या अटींच्या आंतरराष्ट्रीय संज्ञा) मध्ये ११ संज्ञा आहेत, त्यात एफओआर नाही. एफओबी (माल जहाजावर चढवून देणे) आहे, पण ती जलवाहतुकीपुरती. कंटेनर डेपोत सोपवणार असाल तर एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात देणे) योग्य.

उद्यमनगरकर
डोळे उघडले! 'पी.ओ.' ठेवू का? आणि टिंबांचे काय?

शुद्धलेखन_पेठ
'पी.ओ.' ऐवजी 'खरेदी आदेश क्र. ११८' लिहा. वर पत्त्यात 'पो.' येऊन गेलाच आहे.

टिंबांची माझी पद्धत सांगते. मराठी शब्द तोडून केलेल्या रूपाला टिंब: क्र., दि., जि. तोडताना जोडाक्षर अख्खे ठेवायचे, 'क्र.' चे 'क.' करायचे नाही. इंग्रजी आद्याक्षरे एका दमात म्हणतो, त्यांना टिंब नको: जीएसटी, एमआयडीसी. याचा फायदा प्रत्यय लावताना कळतो. 'जी.एस.टी. चा' मध्ये 'चा' सुटून पुढच्या ओळीत जातो. 'जीएसटीचा' तुटत नाही. आणि टिंबाच्या रूपाला प्रत्यय चिकटवायची वेळ आली तर पूर्ण शब्द लिहा. 'रु.ची' नको, 'रुपयांची', 'ता. करवीरमध्ये' नको, 'करवीर तालुक्यात'.

'रु.' आणि आकडा ओळीच्या टोकाला फुटू नयेत म्हणून वर्डमध्ये मधली जागा कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने द्या. '.००' आणि '/-' एकत्र नको. '/-' म्हणजेच पुढे पैसे नाहीत. 'रु.' किंवा ₹, दोन्हींपैकी एकच.

करवीरवासी
सगळी टिंबे काढायच्या मी विरोधात. 'सनविवि' वाचवत नाही. ते टिंबांसकटच राहू दे. बँकेला किंवा सरकारी कार्यालयाला लिहिताना ते गाळून थेट 'महोदय' आणि खाली विषय.

शुद्धलेखन_पेठ
मान्य, 'स.न.वि.वि.' ला मीही हात लावत नाही. तारीख मात्र महिना अक्षरी लिहून: 'दि. ३ एप्रिल २०२५'. अमेरिकी वाचक ३/४ ला ४ मार्च समजतो आणि क्रेडिटचे दिवस तिथून मोजतो. सुधारलेले वाक्य:

"आपल्या खरेदी आदेश क्र. ११८, दि. ३ एप्रिल २०२५ नुसार एफजी २६० (आयएस २१०) कास्टिंग, वजन २,५०० किलो, एफओआर पुलाची शिरोली, भाडे आमच्याकडे, पाठवत आहोत. दर किलोला रु. ११५, एकूण रु. २,८७,५००/-. जीएसटी वेगळा."

उद्यमनगरकर
आभार! शेवटचे 'चु.भू.द्या.घ्या.' ठेवू ना? साहेबांचा आग्रह आहे.

साचा_आणि_रस
ठेवा, रीत आहे. पण त्याच्या भरवशावर राहू नका. टॅक्स इन्व्हॉइसमध्ये रक्कम किंवा कर जास्त लागला तर क्रेडिट नोट, कमी लागला तर डेबिट नोट काढावीच लागते, सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे. त्या नोटेवर मूळ इन्व्हॉइसचा क्रमांक आणि तारीख घाला, आणि तिथेही 'क्रे.नो.' असले घरगुती रूप नको.